सावंतांच्या घरातला रिपीटर

माझ्याकडे साखळीची तेरा घड्याळं आहेत, त्यातली बारा माझ्या बायकोला माहीत होती.

साखळीची म्हणजे खिशात ठेवायची. जुन्या काळी साहेब लोक कोटाच्या खिशातून काढून, झाकण उघडून, भुवया वर करून बघायचे, ती. हल्लीची पोरं वेळ बघायला मोबाईल काढतात आणि अर्धा तास मोबाईलच बघत बसतात. माझ्या घड्याळांत वेळेशिवाय काही दिसत नाही (दोन घड्याळांत तर वेळही दिसत नाही, पण ती देखणी आहेत). एक रेल्वेच्या गार्डाचं आहे, वाटीएवढं. एक कुणा डॉक्टरचं, त्यात नाडी मोजायला वेगळा काटा. एकाच्या झाकणावर हरणाची शिकार कोरलेली आहे आणि शिकाऱ्यापेक्षा हरीणच जास्त ऐटीत उभं आहे. अशी घड्याळं चालू स्थितीत घ्यायची तर माणसाने मलबार हिलला जन्म घ्यावा लागतो. मी परळला जन्मलो. त्यामुळे मी बंद पडलेली घेतो आणि वर्षवर्ष मागे लागून चालू करून घेतो. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणाच्या मागे कसं लागायचं हे शिकवावं लागत नाही. सांगायला अभिमान वाटतो, परळपासून लालबागपर्यंत माझ्यासारखा संग्रह दुसऱ्या कुणाकडे नाही! (दुसऱ्या कुणाला तो नकोच आहे, असं सुनंदाचं मत. सुनंदा म्हणजे माझी बायको.)

हा नाद मला लागला बाबांमुळे. बाबा मिलमध्ये होते आणि त्यांनी जन्मात घड्याळ घेतलं नाही. वेळ मिलचा भोंगा सांगायचा. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की पळायचं. पुढे मिल बंद पडली, भोंगा बंद पडला, आणि बाबा दिवसातून दहा वेळा शेजारी जाऊन विचारायला लागले, "किती वाजले ओ?" मला ते फार लागायचं. नोकरी लागल्यावर मी त्यांच्यासाठी साखळीचं पहिलं घड्याळ आणलं. त्यांनी ते कपाटात ठेवलं आणि वेळ विचारायला शेजारीच गेले! पण ते घड्याळ दाखवायला मात्र रोज कुणाला ना कुणाला धरून घरी आणायचे. मिरवायची हौस आमच्याकडे अशी घरातूनच आली आहे.

बारावं घड्याळ आलं त्या दिवशी सुनंदाने कपाटासमोर उभं राहून विचारलं, "अहो, घड्याळात आकडे किती?"

"बारा."

"मग घरात घड्याळंसुद्धा बारा. तेरावं आलं तर त्याच्याबरोबर तुम्हीही बाहेर."

मी आईच्या गळ्याची शपथ घेतली. (आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "माजो गळो कित्याक? तुजो घे!")

शपथ मी सहा वर्षं पाळली. मग रिपीटर समोर आला.

रिपीटर म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचा सगळा गोंधळ या एका शब्दाने केला. वीज नव्हती तेव्हा अंधारात वेळ कशी कळणार? म्हणून त्या काळच्या कारागिरांनी असं घड्याळ बनवलं की कडेची कळ सरकवली की ते वेळ वाजवून सांगतं. आधी तासांचे ठोके, मग पाव तासांचे. सव्वापाच वाजले असतील तर पाच वेळा 'टण्' आणि एकदा 'टिंगटँग'. एवढ्याशा डबीत दोन हातोड्या बसवायच्या म्हणजे काय चेष्टा आहे! संग्रह करणाऱ्या माणसाला रिपीटर मिळणं म्हणजे कोकणातल्या माणसाला भाऊबंदांच्या सहीसकट सातबारा मिळणं. मला मिळाला. चांदीचा, स्विस बनावटीचा, दादरच्या एका जुन्या घरातल्या मोडीत. मुका होता बिचारा. कळ दाबली की दोन ठोके द्यायचा आणि अडकायचा.

लपवायचा कुठे? सुनंदा घरातला प्रत्येक डबा पुसते. पुसत नाही तो फक्त आईचा पानाचा डबा, कारण त्याला हात लावला की आई हातावर फटका मारते. आईने अट घातली की रोज कोवळी पानं मीच आणायची, आणि रिपीटर सुपारी नि काथाच्या मधल्या खणात जाऊन बसला.

आता दुसरी गोष्ट. माझी मुलगी मृणाल हिने त्या मे महिन्यात सीए फायनलची परीक्षा दिली होती. दोन्ही ग्रुप एकदम. पास झाली तर नोकरी ठरलेली होती, आणि कुठे? आमच्या खिडकीतून समोर जो काचेचा टॉवर दिसतो त्याच्या अकराव्या मजल्यावर. त्या टॉवरच्या जागी पूर्वी बाबांची मिल होती! आजोबा ज्या गेटातून भोंग्याला धावत आत जायचे त्याच गेटातून नात गळ्यात कार्ड घालून जाणार, या विचाराने माझी छाती इतकी फुगायची की शर्टाचं बटण सुनंदाने दोनदा लावून दिलं. आणि म्हणूनच मृणाल अभ्यासाला बसली की मी तिच्या दारात उभा राहून सांगायचो, "बाय, टेन्शन घेऊ नकोस. सावंतांच्या घरात नापास हा शब्द नाही. तुझा बाप आयुष्यात कधी नापास झालेला नाही!"

मला वाटायचं, याने पोरीला धीर येतो.

निकालाचा दिवस उजाडला. निकाल संध्याकाळी पाचला लागणार होता. मृणाल सकाळपासून खोलीत गप्प बसून होती. मला काही सुचेना, म्हणून मी नानांना फोन लावला. नाना म्हणजे गिरगावातले माझे घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून साठ वर्षं घड्याळं दुरुस्त करतायत, पण कान गेलेत. त्यांच्याशी फोनवर बोलायचं तर ओरडावं लागतं. घरात ओरडलो असतो तर सुनंदाला कळलं असतं, म्हणून मी बाहेर पॅसेजमध्ये गेलो.

इथे आमच्या पॅसेजबद्दल सांगायला हवं. आमची चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही पंधराव्या मजल्यावर गेलो, पण दारं उघडी ठेवायची सवय काही गेली नाही. समोरच्या परब काकूंचं दार तर देवळासारखं उघडं असतं. त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि नानांच्या कानात ओरडलो. परब काकूंना जे ऐकू आलं, ते असं:

"नाना, घरात रिपीटर आहे!... रि-पी-टर!... हो, आमच्याच घरात!... बाहेरून काही कळत नाही, आतूनच बिघाड आहे!... गप्पच असतो! दाबल्याशिवाय बोलत नाही!... नाही नाही, सुनंदाला अजून सांगितलं नाही! तिला कळलं तर घर डोक्यावर घेईल!... काय? पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागेल?... किती? सहा महिने?... ठीक आहे, सहा महिने तर सहा महिने! इतकी वर्षं थांबलो, अजून सहा महिने!"

सीएची पुढची परीक्षा किती महिन्यांनी असते, हे आमच्या मजल्यावर पोराटोरांना माहीत होतं. सहा.

(माझ्या बचावासाठी एक मुद्दा नोंदवून ठेवतो. मी 'गप्पच असतो' म्हणालो होतो, 'असते' नाही! मराठीत तीन-तीन लिंगं आहेत, ती कशासाठी? पण परब काकूंना त्यातलं एकही आडवं आलं नाही.)

साडेदहाला परब काकू शिऱ्याची वाटी घेऊन आल्या. सुनंदा आंघोळीला गेली होती. काकूंनी माझा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भावोजी, मला कळलंय. मी कुणाला बोलणार नाही."

मी गारच पडलो. "काकू, सुनंदाला—"

"नाही हो! आईच्या जिवाला किती लागेल ते! तुम्ही सावकाश सांगा."

मला गहिवरून आलं. बायको म्हणते माझ्या घड्याळांना कुणी विचारत नाही, आणि इथे शेजारीण शिरा घेऊन आली! मी म्हटलं, "काकू, खरं सांगू? मला तर अभिमान वाटतो."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "बाप असावा तर असा."

काकू कुणालाच बोलल्या नाहीत, फक्त मजल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. 'सावंतांकडे रिपीटर आहे, कुणी विषय काढू नये.' दुपारपर्यंत विषय न काढायला सात जण येऊन गेले. कुणी केळी आणली, कुणी गणपतीचा अंगारा. सुनंदा विचारते, "आज काय आहे?" तर म्हणतात, "काही नाही वहिनी, तुम्ही खंबीर राहा." तिला वाटलं, मला काहीतरी आजार झालाय आणि सगळ्यांना ठाऊक आहे. तिने दुपारी मला दोन पोळ्या जास्त वाढल्या. मी खाल्ल्या.

साडेतीनला वरच्या मजल्यावरचे तावडे आले. निवृत्त कंडक्टर, माणूस मोकळा. मला गॅलरीत घेऊन गेले आणि खांद्यावर थाप मारून म्हणाले, "सावंत, एका रिपीटरने काय होतंय? नायगावला आमच्या भावाकडे तीन आहेत!"

"तीन?" मी जवळजवळ ओरडलोच. तीस वर्षं मी परळ-लालबागचा राजा म्हणून मिरवतोय आणि नायगावात एका माणसाकडे तीन रिपीटर! "चालू आहेत?"

"एक चालतो कसाबसा. दोन नुसते घरात पडून आहेत."

"अरेरे! उघडून बघितले नाहीत कुणी?"

"काय उघडायचं त्यात? डोक्यात काही नाही."

"असं कसं म्हणता? मुळात माल चांगला असतो हो! नीट हात लावणारा माणूस पाहिजे. थोरला कितीचा?"

"अठ्ठावीसचा."

"अठ्ठावीस म्हणजे नवीनच म्हणायचा!" मी म्हटलं. "माझा शंभरीच्या पुढचा आहे. तावडे, एक करा, पडून असलेले दोन माझ्याकडे पाठवा. मी सांभाळतो. सहा महिन्यांत दोघांना बोलायला लावतो."

तावड्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मग खाली मान घालून गेले आणि ग्रुपवर लिहिलं, 'सावंतांच्या डोक्यावर परिणाम झालाय.'

पाच वाजायला दहा मिनिटं असताना मृणालच्या खोलीचं दार उघडलं. पोरीचे डोळे सुजलेले. कुणीतरी 'धीर सोडू नकोस, पुढच्या वेळी होशील' असा मेसेज तिलाच पाठवला होता. तिने मला खोलीत ओढलं.

"बाबा, तुम्हाला आधीच कळलं होतं?"

मी मान खाली घातली. "हो गं."

"आणि तुम्ही लपवलंत?"

"आईच्या भीतीने लपवलं. म्हटलं, तुझा निकाल लागला की त्या आनंदात हळूच सांगू."

"कसला आनंद?" ती किंचाळली. "आता काय करू मी?"

"तू कशाला काय करायला हवंस? नाना बघतील. उघडून, साफ करून, पुन्हा—"

"पुन्हा? बाबा, माझ्यात नाही हो पुन्हा करायची ताकद!" आणि ती रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "सावंतांच्या घरात कुणी नापास झालं नाही ना कधी? झाली बघा, मी पहिली!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मला त्या क्षणी घड्याळबिड्याळ काही आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की मी वर्षभर या पोरीच्या दारात उभा राहून तिला धीर देत नव्हतो, तिच्या छातीवर दगड ठेवत होतो. "बाय, निकाल अजून लागलाच नाही," मी म्हणालो. "रिपीटर म्हणजे तू नाहीस! रिपीटर म्हणजे..."

"खोटं नका बोलू, बाबा!"

"अगं खरंच! तो आजीच्या पानाच्या डब्यात आहे!"

हे वाक्य ऐकून तिला तावड्यांचं म्हणणं पटलं असावं. ती घाबरून बाहेर पळाली, मी तिच्या मागे. बाहेरच्या खोलीत तर दरबार भरला होता. परब काकू, तावडे, अंगारावाले, केळीवाले, सगळे. मध्ये सुनंदा कपाळाला हात लावून बसलेली. "अहो, मला कुणी सांगेल का, कुणाला काय झालंय?"

सगळे एकमेकांकडे बघत होते. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. टण्. टण्. टण्. टण्. टण्.

पाच! पूर्ण पाच! खणखणीत, चांदीच्या वाटीवर चमचा मारावा तसे! आईने पान लावायला डबा उघडला होता आणि तिचा अंगठा कळीवर पडला होता.

"आला!" मी ओरडलो. "बोलला! रिपीटर बोलला!"

तावडे दोन पावलं मागे सरकले. मी डब्यातून घड्याळ काढून सगळ्यांच्या समोर धरलं. "हा बघा! हा रिपीटर! साखळीचं घड्याळ! वेळ रिपीट करतो म्हणून रिपीटर! मी नानांशी याच्याबद्दल बोलत होतो!"

परब काकूंनी घड्याळाकडे बघितलं, शिऱ्याच्या रिकाम्या वाटीकडे बघितलं आणि वाटी उचलून घेतली.

सुनंदा मात्र बोटांवर काहीतरी मोजत होती. "म्हणजे तेरावं?" ती म्हणाली.

तो एक शब्द मी ऐकला न ऐकल्यासारखा केला. कारण आई सांगत होती, "दोन दिस मुको होतो तो. मगे मिया काल तेच्यात वायच खोबरेल घातलंय. माज्या केसांचा. लागलो बोलाक!"

खोबरेल! शंभर वर्षांच्या स्विस यंत्रात, केसांचं खोबरेल! एरवी मी तिथेच आडवा झालो असतो. पण मला मृणाल दिसत होती. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिने मोबाईल हातात पालथा धरला होता. पाच वाजून गेले होते, निकाल लागला होता, आणि ती तो उघडत नव्हती.

"बघ ना गं," सुनंदा म्हणाली.

"नाही. नापास असले तर? या घरात मी एकटीच..."

तेव्हा आईने पान तोंडात सारलं, चुन्याचं बोट डब्याला पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "एकटी कित्याक गो? रिपीटर ह्या घरात आजचो न्हय. तुजो बापूस बारावीक दोनदा बसलो. तो कोण होतो मगे?"

तावडे दोन पावलं पुढे आले.

"आई!" मी म्हणालो.

"पयल्या येळाक नापास झालो तेव्हा दोन दिस माळ्यार जावन बसलो. भाकरी वर धाडूक लागली!"

"बाबा?" मृणाल म्हणाली.

आता काय सांगणार? मी शर्टाचं बटण चाचपलं. "गणितात," मी म्हणालो. "नऊ मार्क."

"शंभरातले?"

"मग कितीतले?"

पोरगी आधी नाकातून हसली, मग तोंड दाबून, मग खाली बसून. रडून सुजलेल्या डोळ्यांनी ती इतकी हसली की परब काकूही हसायला लागल्या, आणि तावड्यांनी तर टाळीसाठी हात माझ्याकडेच केला. हसता हसताच मृणालने नंबर टाकला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "तुम्हीच बघा. नऊपेक्षा जास्त असले तरी चालेल."

माझा चष्मा जागेवर नव्हता. मी मोबाईल लांब धरला, जवळ धरला. मग दिसलं. दोन्ही ग्रुप. पास. पहिल्याच वेळी!

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. तावडे सांगतात, मी खिडकीत जाऊन समोरच्या टॉवरला ओरडून सांगितलं, "अकरावा मजला रिकामा ठेवा!" सुनंदा रडली, आईने सगळ्यांना पान लावून दिलं, आणि परब काकूंनी वाटी परत नेली ती पुन्हा भरून आणली. बाबा असते तर त्या दिवशी त्यांनी वेळ विचारायच्या निमित्ताने अख्खा परळ पालथा घातला असता. मृणाल आता रोज सकाळी त्या गेटातून आत जाते. मी खिडकीत उभा राहून रिपीटर काढतो आणि ती वेळेवर पोचली का बघतो. पोचते. भोंगा नसताना पोचते!

नाना मात्र आमच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. यंत्र उघडल्यावर त्यांना वास आला होता. सहा महिन्यांचं वर्ष झालं, पण रिपीटर आज ठणठणीत आहे आणि उजळ माथ्याने कपाटात, पहिल्या ओळीत बसतो. तेरावा असूनही सुनंदाने त्याला घराबाहेर काढलं नाही. मलाही काढलं नाही. पण तिने शिक्षा केली नाही असं मात्र म्हणता येणार नाही.

कारण रिपीटरची कीर्ती आता पार गिरगावपर्यंत गेली आहे. संग्रह करणारी मोठमोठी माणसं फक्त त्याला बघायला आमच्याकडे येतात. दारात उभी राहून अदबीने विचारतात, "सावंतांकडे रिपीटर आहे असं कळलं. बघायला मिळेल का?"

आणि सुनंदा दार पूर्ण उघडून तितक्याच अदबीने सांगते, "मिळेल ना. बसा. आंघोळीला गेलेत."